न जळालेल्या बॅटऱ्यांचा हिशेब: वीजसाठवण प्रकल्पातील आगीत विमा काय भरून देतो आणि काय नाही

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉस लँडिंग येथे एका जुन्या वीजनिर्मिती केंद्राच्या टर्बाइनच्या इमारतीत बसवलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना १६ जानेवारी २०२५ रोजी आग लागली. ३०० मेगावॅट वीज सलग चार तास पुरवण्याची क्षमता असलेला हा साठा जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक होता. सुमारे १,२०० रहिवाशांना घरे सोडावी लागली, किनाऱ्यालगतचा महामार्ग बंद ठेवावा लागला, आणि पहिली आग शमल्यानंतर महिनाभराने, १८ फेब्रुवारीला, त्याच ढिगाऱ्यात पुन्हा ज्वाळा उठल्या. सुमारे ४० कोटी डॉलर किमतीची मालमत्ता हिशेबातून काढून टाकावी लागेल, असे मालक कंपनी व्हिस्ट्राने गुंतवणूकदारांना कळवले. विम्याची कमाल मर्यादा ५० कोटी डॉलर असल्याचेही सांगितले.

नुकसान चाळीस आणि विमा पन्नास, म्हणजे प्रश्न मिटला, असे हे आकडे वाचून वाटू शकते. परंतु ते चाळीस कोटी म्हणजे मालमत्तेची कंपनीच्या हिशेबातील, म्हणजे पुस्तकी, किंमत, आणि पुस्तकी किंमत म्हणजे नुकसान नव्हे. त्या इमारतीतील सुमारे ५५ टक्के बॅटऱ्या जळाल्या असा अंदाज आहे. उरलेल्या बॅटऱ्या जळाल्या नाहीत. तरीही त्या पुन्हा जोडता आल्या नाहीत आणि जागेवर तशाच सोडताही आल्या नाहीत. एकेक सुटी करून, तिच्यातील वीज काढून टाकून, सुरक्षितपणे हलवावी लागणे हेच मोठे काम होऊन बसले. बॅटरीच्या आगीतील विम्याचे बहुतेक वाद अशा न जळालेल्या वस्तूंभोवती फिरतात, आणि सामान्य अग्निविमा मात्र जळालेल्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. सगळी अडचण या विसंगतीतून सुरू होते.

आग नेमकी कशी लागते

लिथियम-आयन बॅटरीचा सर्वांत लहान घटक म्हणजे सेल. अनेक सेल मिळून एक मोड्यूल, अनेक मोड्यूल मिळून एक रॅक, आणि अनेक रॅक मिळून एक कंटेनर किंवा इमारत भरते. एखादा सेल आतील दोषामुळे, जादा चार्जिंगमुळे, आघातामुळे किंवा बाहेरच्या उष्णतेमुळे एका मर्यादेपलीकडे तापला, की त्याच्या आत अशा रासायनिक क्रिया सुरू होतात ज्या स्वतःच आणखी उष्णता निर्माण करतात. या अवस्थेला थर्मल रनअवे म्हणतात. ती सुरू झाल्यावर थंडावा देणारी यंत्रणा सहसा अपुरी पडते, आणि उष्णता शेजारच्या सेलकडे सरकते.

विम्याच्या दृष्टीने यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की ज्वाळा दिसण्याआधी ज्वलनशील वायू बाहेर पडतो, त्यामुळे आग लागण्याऐवजी किंवा आगीबरोबर स्फोटही होऊ शकतो. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात १९ एप्रिल २०१९ रोजी मॅकमिकन या वीजसाठवण प्रकल्पात असेच घडले. आग विझवणारा वायू कंटेनरमध्ये वेळेवर सुटला होता. पण त्याने सेलमधील क्रिया थांबली नाही, आत वायू साचत गेला, आणि काही तासांनी दार उघडल्यावर स्फोट होऊन अग्निशामक दलाचे जवान गंभीर जखमी झाले. दुसरी गोष्ट म्हणजे विझलेली बॅटरी निष्क्रिय झालेली असेलच असे नाही. तिच्यात अडकून राहिलेली वीज दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा आग लावू शकते. मग ही दुसरी आग पहिल्या घटनेचाच भाग मानायची की स्वतंत्र घटना, हा प्रश्न उभा राहतो, कारण प्रत्येक घटनेमागे विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, वेगळी कापली जाते. ठरावीक तासांच्या आत घडलेले सर्व एकच घटना समजावे असे कलम काही पॉलिसींमध्ये असते. बॅटरीच्या बाबतीत तो काळ पुरेसा आहे का, हे फारच कमी जण आधी तपासतात.

पॉलिसी एक नसते

वीजसाठवण प्रकल्पाचा विमा म्हणजे एखादा सलग कागद नव्हे. माल जहाजातून येत असताना वाहतूक विमा, उभारणी व चाचणीच्या काळात उभारणी विमा, प्रकल्प चालू झाल्यावर अग्नी व मालमत्तेचा विमा, त्याच्या जोडीला यंत्रबिघाड विमा, उत्पन्न बुडाल्यास व्यवसाय खंडित झाल्याचा विमा, आणि शेजाऱ्यांचे नुकसान झाल्यास उत्तरदायित्वाचा विमा, अशी ही साखळी असते. आग कोणत्या दिवशी लागली यावरून कोणती पॉलिसी लागू होते हे ठरते.

ऑस्ट्रेलियातील जिलाँगजवळच्या व्हिक्टोरियन बिग बॅटरी या प्रकल्पात ३० जुलै २०२१ रोजी लागलेली आग चाचणीच्या काळातील होती. शीतक द्रव गळून आत शॉर्ट सर्किट झाले. तो कंटेनर त्या वेळी चावीने बंद ठेवलेला असल्यामुळे देखरेखीची आणि संरक्षणाची बरीच यंत्रणाही बंद होती. अशा वेळी घटना उभारणी विम्याखाली येते, आणि मग प्रकल्पाचा तो भाग मालकाच्या ताब्यात गेला होता की कंत्राटदाराकडेच होता, हा प्रश्न कोट्यवधींचा होऊन बसतो. हस्तांतराचे प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने दिले जात असेल तर एकाच आवारातील दोन शेजारच्या कंटेनरांवर दोन वेगळ्या पॉलिसी लागू असू शकतात, आणि आग अर्थातच ही सीमा पाळत नाही.

शॉर्ट सर्किटमुळे लागलेल्या आगीची भरपाई मिळत नाही, असे म्हणतात. खरे काय?

अर्धे खरे आहे. अनेक अग्निविमा पॉलिसींमध्ये असे कलम असते की विजेच्या उपकरणाचे जे नुकसान अतिभार, शॉर्ट सर्किट, ठिणगी, आपोआप तापणे किंवा वीजगळती यांमुळे झाले, ते भरून दिले जाणार नाही. मात्र त्याच कलमात पुढे लिहिलेले असते की ही सूट फक्त ज्या उपकरणात बिघाड झाला त्याच उपकरणापुरती आहे. त्यातून पसरलेल्या आगीत जळालेल्या इतर वस्तूंना ती लागू नाही. घरातील पंख्याची मोटर आतल्या आत जळाली तर तो बिघाड ठरतो, पण तिच्या ठिणगीने पडदा आणि कपाट पेटले तर पडदा आणि कपाट अग्निविम्यात येतात. मोटर येत नाही.

पंख्याच्या बाबतीत मोटर कोठे संपते आणि पडदा कोठे सुरू होतो, हे कोणालाही सांगता येते. बॅटरीच्या साठ्यात ते सांगणे अवघड आहे. ‘ते उपकरण’ म्हणजे नेमके काय? बिघडलेला सेल म्हणायचा, मोड्यूल, रॅक, की संपूर्ण कंटेनर? सेल म्हटले तर वगळलेली रक्कम किरकोळ ठरते. कंटेनर म्हटले तर एकच कंटेनर जळालेल्या घटनेत अग्निविम्याच्या हाती द्यायला काहीच उरत नाही. अशा वेळी यंत्रबिघाड विमा घेतलेला असेल तर तो ही पोकळी भरून काढू शकतो. पण तो वेगळ्या कंपनीकडे असेल तर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवण्याची शक्यता मोठी असते. माझ्या मते या क्षेत्रात पैसे वाचवण्याच्या नादात केलेली सर्वांत महागडी काटकसर म्हणजे आग आणि यंत्रबिघाड हे दोन विमे दोन ठिकाणी घेणे. दोन्ही एकाच पॉलिसीत, एकाच कंपनीकडे असावेत, आणि ‘उपकरण’ या शब्दाची व्याख्या त्यात लिहून घेतलेली असावी.

कारण ठरवणे हेही दिसते तितके सोपे नसते. मॅकमिकनच्या घटनेनंतर वीज कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञांनी सेलमधील अंतर्गत दोषाकडे निर्देश केला, तर बॅटरीच्या उत्पादकाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि उष्णता सेलच्या बाहेरून आली असावी अशी बाजू मांडली. जळून गेलेल्या सेलमधून पुरावा मिळवणे मुळातच कठीण असते. विम्यात मात्र नुकसानीचे निकटतम कारण कोणते, म्हणजे साखळीतील कोणत्या दुव्याने ते खऱ्या अर्थाने घडवले, यावर सगळे अवलंबून असते.

न जळालेल्या बॅटऱ्यांचे काय?

मालमत्तेचा विमा साधारणपणे ‘प्रत्यक्ष भौतिक नुकसान’ झाल्यावरच लागू होतो. जळालेल्या कंटेनराविषयी वाद नसतो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, धुराचा लेप बसलेल्या, फवाऱ्याच्या पाण्याने भिजलेल्या किंवा काही तास नेहमीपेक्षा जास्त तापमानात राहिलेल्या कंटेनराचे काय? बाहेरून तो धडधाकट दिसतो आणि मोजणी केली तर व्होल्टेजही देतो. पण आगीच्या धुरातील आम्लयुक्त वायूंमुळे आतील जोडण्या गंजू शकतात, आणि अती तापलेल्या सेलचे आयुष्य किती घटले हे तो उघडल्याशिवाय कळत नाही. उत्पादक म्हणतो की अशा बॅटऱ्या पुन्हा चालवल्या तर आमची वॉरंटी संपली. विमा कंपनी म्हणते की ज्या वस्तूचे नुकसान दाखवता येत नाही तिची किंमत आम्ही का द्यावी. मालक मधल्यामध्ये अडकतो.

पाण्याने होणारे नुकसान तर आगीशिवायही होते. मॉस लँडिंगच्या याच इमारतीत सप्टेंबर २०२१ मध्ये एका पंख्याच्या बेअरिंगमधून निघालेल्या धुरामुळे पाण्याची यंत्रणा कार्यान्वित झाली, तिच्या काही जोडांतून पाणी बॅटऱ्यांवर गळले आणि काही मोड्यूल खराब झाले. वाचवण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेनेच नुकसान केले. म्हणून आग विझवताना किंवा विझवण्याची यंत्रणा चुकून चालू झाल्याने झालेले नुकसान पॉलिसीत स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे का, हे पाहावे लागते.

याहून मोठा खर्च सफाईचा असतो. जळालेले लोखंड आणि काँक्रीट उचलून नेता येते. अर्धवट जळालेली बॅटरी तशी उचलता येत नाही. तिच्यातील वीज आधी काढावी लागते, ती धोकादायक माल म्हणून वाहून न्यावी लागते, आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने ती स्वीकारावी लागते. अग्निविम्यात राडारोडा हटवण्याच्या खर्चाला अनेकदा दाव्याच्या एखाद्या लहानशा टक्केवारीची उपमर्यादा असते. ती मर्यादा गोदामे आणि कारखाने नजरेसमोर ठेवून आखलेली आहे, आणि बॅटरी प्रकल्पाच्या पॉलिसीत ती जशीच्या तशी राहून गेली तर मालकाच्या खिशाला पडणारी सर्वांत मोठी चाट तिथेच असते.

चूक मुळातच डिझाइनची असेल तर?

विमा अचानक घडलेल्या घटनेसाठी असतो, निकृष्ट मालाची किंमत वसूल करण्यासाठी नसतो. तरीही सदोष मालामुळे आग लागली तर काहीच मिळत नाही असे नाही. उभारणी विम्यात यासाठी लंडनच्या अभियांत्रिकी विमा गटाने तयार केलेली, लेग १, लेग २ आणि लेग ३ या नावांनी ओळखली जाणारी तीन कलमे जगभर वापरली जातात. लेग १ मध्ये दोषामुळे झालेले सर्व नुकसान वगळले जाते. लेग २ मध्ये, नुकसान होण्याच्या अगदी आधीच्या क्षणी तो दोष दुरुस्त करायला जेवढा खर्च आला असता तेवढाच वगळला जातो. लेग ३ मध्ये फक्त मूळ रचनेत सुधारणा करण्याचा जादा खर्च वगळतात. अर्थात या कलमाचा हप्ता सर्वांत जास्त असतो.

समजा, एका प्रकल्पात चाळीस कंटेनर आहेत, सर्वांच्या शीतक नळीच्या जोडात एकच दोष आहे, आणि त्यांपैकी एक जळाला. लेग १ असेल तर हाती काहीच येणार नाही. लेग २ असेल तर तो जोड आधीच बदलण्याचा किरकोळ खर्च वजा करून जळालेल्या कंटेनराची भरपाई मिळेल. उरलेल्या एकोणचाळीस कंटेनरांतील जोड बदलण्याचा खर्च मात्र तिन्हींपैकी कोणत्याही कलमाखाली मिळणार नाही, कारण त्यांचे नुकसान अजून झालेलेच नाही. दोष कळल्यानंतरही ते न बदलता चालवले आणि दुसरा कंटेनर पेटला, तर बहुतेक पॉलिसींतील मालिका-नुकसानीचे कलम पुढे येते: एकाच दोषामुळे होणाऱ्या पहिल्या घटनेला पूर्ण भरपाई, पुढच्या प्रत्येक घटनेला उतरती टक्केवारी, आणि काही घटनांनंतर शून्य.

मग उत्पादकाची वॉरंटी कशासाठी?

वॉरंटी मुख्यतः क्षमतेची हमी देते: इतक्या वर्षांनी बॅटरीत मूळ क्षमतेच्या इतके टक्के शिल्लक राहतील. वापराने होणारी झीज विम्यात येत नाही, आणि बुडालेले उत्पन्न किंवा शेजारच्या मालमत्तेचे नुकसान वॉरंटीत सहसा येत नाही.

दोघांचा संबंध येतो तो वेगळ्या ठिकाणी. मालकाला भरपाई दिल्यावर विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहून उत्पादकाकडून वसुली करू शकते. याला सब्रोगेशन म्हणतात. पण खरेदीच्या करारात मालकाने उत्पादकाविरुद्धचा हा हक्क सोडून दिला असेल, आणि ते विमा कंपनीला आधी कळवलेले नसेल, तर दावाच अडचणीत येऊ शकतो. खरेदीचा करार वकील पाहतो आणि पॉलिसी लेखा विभाग पाहतो, ही विभागणी अनेक ठिकाणी असते, आणि हा घोटाळा नेमका या दोन टेबलांच्या मधल्या जागेत होतो.

आगी कमी होत आहेत, मग विमा कंपन्या इतक्या सावध का?

आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतील वीज संशोधन संस्था ईपीआरआय आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार मोठ्या साठवण प्रकल्पांतील अपघातांचे, स्थापित क्षमतेच्या तुलनेतील, प्रमाण २०१८ ते २०२३ या काळात ९७ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात असेही दिसले की कारण सांगता येईल अशा घटनांमध्ये सेलपेक्षा जोडणी, उभारणी आणि नियंत्रण यंत्रणा यांचा वाटा मोठा होता.

तथापि विमा कंपनी शक्यतेबरोबर एकाच वेळी किती जाऊ शकते याचाही हिशेब करते. याला संभाव्य कमाल नुकसान म्हणतात, आणि हप्ता, उपमर्यादा व पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतःची जोखीम वाटून घेण्यासाठी दुसऱ्या कंपनीकडे उतरवलेला विमा) मिळणे यांचे गणित त्यावर उभे असते. व्हिक्टोरियन बिग बॅटरीत मोकळ्या जागेत २१२ कंटेनर होते. आग सुमारे चार दिवस चालली, वारा जोराचा होता, तरी जळाले दोनच. मॉस लँडिंगला सर्व बॅटऱ्या एका छपराखाली होत्या आणि निम्म्याहून अधिक गेल्या. या दोन प्रकल्पांच्या आगीत सेल कोणत्या रसायनाचा होता याची चर्चा बरीच होते, आणि लिथियम-लोह-फॉस्फेट रसायन निकेल-मँगनीज-कोबाल्टपेक्षा उष्णतेला अधिक टिकते हे खरेही आहे. तरी विमा कंपनीसाठी अंतर आणि भिंती यांचे महत्त्व रसायनाहून कमी नाही, कारण लोह-फॉस्फेटच्या सेलमधूनही हायड्रोजनसह ज्वलनशील वायू निघतो आणि बंद जागेत तो स्फोट घडवू शकतो.

म्हणून विमा कंपन्या यूएल ९५४०ए या चाचणीचा अहवाल मागतात. ही चाचणी ‘पास’ किंवा ‘नापास’ ठरवत नाही. एक सेल मुद्दाम बिघडवल्यावर आग मोड्यूलपर्यंत आणि पुढे कंटेनरपर्यंत कशी सरकते याचे मोजमाप देते. उत्पादकाने ‘यूएल ९५४०ए प्रमाणित’ असे छापले असेल तर त्यातून आग पसरणार नाही असा अर्थ काढू नये. त्याच्या जोडीला अमेरिकेतील एनएफपीए ८५५ हे अग्निसुरक्षेचे मानक आणि विमा कंपन्यांची स्वतःची मार्गदर्शक पत्रके कंटेनरांमधील अंतर, स्फोटाचा दाब बाहेर सोडण्याची सोय आणि अग्निशामक दलासाठीची व्यवस्था सांगतात. चार ओळींच्या जागी पाच ओळी बसवून जमीन वाचवणारा आराखडा विम्याच्या हप्त्यात ती जमीन दरवर्षी विकत घेत असतो, हे गणित आराखड्याच्या टप्प्यावरच मांडणे शहाणपणाचे.

धूर आणि पाणी कुंपणाबाहेर गेले तर

उत्तरदायित्वाच्या पॉलिसींमध्ये प्रदूषणाचे नुकसान सहसा वगळलेले असते. अमेरिकेतील सर्वसाधारण उत्तरदायित्व पॉलिसीत याला एक अपवाद आहे: अनपेक्षित, आटोक्याबाहेर गेलेल्या आगीच्या उष्णतेने, धुराने किंवा वाफांनी इतरांना झालेले नुकसान प्रदूषण म्हणून नाकारता येत नाही. पण स्वतःच्या जागेची माती साफ करण्याचा आणि सरकारी यंत्रणेने आदेश दिलेल्या शुद्धीकरणाचा खर्च या अपवादात बसेलच असे नाही. मॉस लँडिंगच्या आगीनंतर सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीकाठच्या मातीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि रहिवाशांनी खटलेही भरले. असा धोका पेलायला पर्यावरणीय नुकसानीची स्वतंत्र पॉलिसी लागते. अग्निशामक दल आता अनेकदा पेटलेला कंटेनर जळू देते आणि पाणी शेजारच्या कंटेनरांवर मारते, यामागे दूषित पाणी कमी निघावे हाही एक विचार आहे. तरी ते पाणी अडवण्याची सोय आवारात आहे का, हे विमा सर्वेक्षक पाहतोच.

दावा करताना

बॅटरीचे उत्पन्न दर महिन्याला सारखे नसते. वीज स्वस्त असताना साठवून महाग असताना विकणाऱ्या प्रकल्पाची वर्षाची मोठी कमाई टंचाईच्या थोड्या दिवसांत होते. आग त्या दिवसांच्या तोंडावर लागली आणि भरपाई मात्र बारा महिन्यांच्या सरासरीने मोजली गेली, तर मालक तोट्यात जातो. उलट परिस्थितीत विमा कंपनी. शिवाय व्यवसाय खंडित झाल्याच्या विम्यात सुरुवातीचे ठरावीक दिवस मालकानेच सोसायचे असतात, आणि भरपाईचा एकूण कालावधीही ठरलेला असतो. सफाई, चौकशी, परवानग्या आणि नव्या ट्रान्सफॉर्मरची प्रतीक्षा यांत तो कालावधी पुनर्उभारणी सुरू होण्याआधीच संपू शकतो. बारा महिन्यांचा कालावधी कागदावर भरपूर वाटतो; मोठ्या आगीनंतर तो पुरत नाही.

पुराव्याचे स्वरूपही वेगळे असते. घटनेआधीचे तापमान, व्होल्टेज आणि इशाऱ्यांच्या नोंदी बॅटरी व्यवस्थापन प्रणालीत असतात, आणि ती प्रणाली कंटेनरमध्येच असेल तर नोंदीही जळतात. त्या सतत बाहेरच्या सर्व्हरवर साठवल्या जातात का, त्या मालकाच्या ताब्यात आहेत की उत्पादकाच्या, हे आधीच करारात ठरलेले असावे लागते, कारण दोष उत्पादकाचा आहे की देखभालीचा हे सांगणारी नोंद नेमकी उत्पादकाच्याच सर्व्हरवर असणे सोयीचे नसते. त्याच नोंदी मालकाच्या विरोधातही जाऊ शकतात: तीन आठवडे येत असलेला तापमानाचा इशारा कोणी बंद करून ठेवला होता, हेही त्यांत दिसते.

शेवटी किंमत. बॅटऱ्यांचे दर गेल्या दशकात वेगाने उतरले असल्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीवर विमा उतरवणारा मालक जादा हप्ता भरत राहतो, आणि दाव्याच्या वेळी त्याला आजच्या बदली मालाचा खर्च मिळतो. मात्र जुने मॉडेल बाजारात नसेल आणि नवे कंटेनर जुन्या इन्व्हर्टरशी जुळत नसतील, तर न जळालेला इन्व्हर्टरही बदलावा लागतो. तो खर्च दाव्यात धरायचा की सुधारणा म्हणून वगळायचा, याचे उत्तर पॉलिसीतील पुनर्स्थापनेच्या कलमात एका वाक्याची भर घालून आधीच मिळवता येते, आणि हे वाक्य नूतनीकरणाच्या वेळी मागितले तर ब्रोकर सहसा ते मिळवून देतो.